एरर कॉइन की मार खाल्लेलं नाणं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्याचा फोटो आणि खाली "हे एरर आहे का, किती मिळतील?" एवढंच लिहिलेले संदेश सतत येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं भारतीय नाण्यांची आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एरर कॉइन म्हणजे नेमकं काय? माझं नाणं इतरांपेक्षा वेगळं दिसतं, एवढं पुरेसं नाही का?

नाही. टाकसाळीत असताना जे बिघडलं ते एरर. बाहेर पडल्यावर जे झालं ते डॅमेज, संग्राहकांच्या बोलीत पीएमडी, म्हणजे पोस्ट-मिंट डॅमेज. ते कितीही विचित्र दिसलं तरी त्याला संग्राहक पैसे देत नाही.

फरक कळायला नाणं कसं बनतं हे माहीत हवं. धातूच्या पट्टीतून चकत्या कापतात. या कोऱ्या चकतीला ब्लँक म्हणतात. ब्लँक तापवून मऊ करतात, धुतात, तिची किनार दाबून जराशी उचलून घेतात. मग ती कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते आणि वरच्या-खालच्या डायच्या, म्हणजे चित्र उलटं कोरलेल्या पोलादी ठशांच्या, मध्ये दाबली जाते. छापा आणि काटा एकाच ठोक्यात उमटतात. धातू बाहेर पसरू पाहतो, कॉलर त्याला अडवते, म्हणून प्रत्येक नाणं एकाच मापाचं निघतं.

चूक होते ती ब्लँकमध्ये, डायमध्ये किंवा ठोक्याच्या क्षणी. तेव्हा नाणं हातात घेतलं की विचारायचं ते एवढंच: हे यांपैकी कुठे होऊ शकलं असतं? बोट ठेवता आलं नाही, तर ते डॅमेज.

२. घरी तपासायला काय काय लागतं?

दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, लोहचुंबक आणि व्हर्नियर. यांच्याहून उपयोगी म्हणजे त्याच प्रकारचं, शक्यतो त्याच सालाचं एक साधं नाणं. दोन्ही शेजारी ठेवली की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

नेहमी लागणारी मापं: १९९२ पासूनचा स्टीलचा १ रुपया (जुनी मालिका) ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. २०११ च्या मालिकेतला १ रुपया ३.७९ ग्रॅम, २२ मिमी. त्याच मालिकेतले २ रुपये ४.८५ ग्रॅम, २५ मिमी. पिवळे ५ रुपये ६ ग्रॅम, २३ मिमी, आणि त्याआधीचे जाड पांढरे क्युप्रोनिकेलचे (तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचे) ५ रुपये ९ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतले १० रुपये ७.७१ ग्रॅम, २७ मिमी. बारा कोनी २० रुपये ८.५४ ग्रॅम, २७ मिमी. वजनात थोडा फरक चालतो. अर्ध्या ग्रॅमचा पडला की कान टवकारायचे.

३. नाण्याचा एक तुकडा चंद्रकोरीसारखा कापलेला आहे. हे कोणी कापलं की टाकसाळीतच झालं?

दोन्ही शक्य आहे, आणि ओळखायला सोपं आहे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की पंच आधीच्या भोकाच्या कडेवर पडतो आणि ब्लँकमधून गोलसर तुकडा कमी निघतो. अशी ब्लँक पुढे छापली जाते. याला क्लिप म्हणतात.

खऱ्या क्लिपमध्ये कापलेल्या भागाजवळची अक्षरं विरत जातात किंवा कडेकडे ओघळल्यासारखी ताणलेली दिसतात, कारण दाब पडला तेव्हा तिथे धातूला अडवायला काही नव्हतं. आता नाणं फिरवून क्लिपच्या अगदी समोरची किनार पाहा. तिथे ती बऱ्याचदा फिकी किंवा सपाट असते. किनार उचलणाऱ्या यंत्रात क्लिपच्या बाजूला पकड मिळत नाही, त्यामुळे समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही.

करवतीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर अर्ध्यावर, धारदारपणे तुटतं. "भारत"मधला "त" उभा चिरलेला असेल आणि उरलेला अर्धा अगदी ठसठशीत असेल, तर छाप आधी उमटली आणि काप नंतर पडला. कापाच्या भिंतीवर भिंगातून समांतर रेघा दिसतात. समोरची किनार पूर्ण असते. एवढ्यावर निकाल द्यायला हरकत नाही.

४. सालाचा आकडा किंवा "INDIA" लिहिलेलं पुसट आहे, काही अक्षरं तर नाहीतच. दुर्मीळ आहे ना?

बहुतेक वेळा डायच्या खोबणीत ग्रीस आणि धातूचा चुरा भरलेला असतो, त्यामुळे अक्षर उमटत नाही. हे खरं एरर आहे, पण इतकं सर्रास दिसतं की त्याला फार भाव नाही. अख्खा एक शब्द किंवा संपूर्ण साल गेलं असेल तर थोडी उत्सुकता.

तीन गोष्टी वेगळ्या करा. ग्रीसमुळे गेलेल्या अक्षराच्या जागी पृष्ठभाग शेजारच्या भागासारखाच असतो, वजन पूर्ण भरतं आणि बाजूची अक्षरं तीक्ष्ण असतात. झिजलेल्या नाण्यात झीज सगळीकडे असते, सिंहांच्या आयाळीपासून किनारीपर्यंत. घासून काढलेल्या अक्षराच्या जागी ओरखडे आणि जराशी खोलगट जागा मिळते. नाणं दिव्याखाली तिरपं धरलं की ती लगेच दिसते.

५. चित्र एका बाजूला सरकलंय / नाणं पसरट झालंय. हे ऑफ-सेंटर की हातोड्याचं काम?

खऱ्या ऑफ-सेंटरमध्ये ब्लँक कॉलरमध्ये नीट बसलेली नसते. जिथे डाय पोहोचली नाही तिथे कोरी चकती राहते, आणि दोन्ही बाजूंचा कोरा भाग एकमेकांच्या पाठीला असतो. छाप्यावर डावीकडे कोरं आणि काट्यावर भलतीकडेच कोरं असेल तर ते नाणं बाजूला ठेवा.

कॉलर उडाली पण ब्लँक मधोमध राहिली, तर पूर्ण चित्र असलेलं पण मापापेक्षा मोठं, सपाट कडेचं नाणं मिळतं. याला ब्रॉडस्ट्राइक म्हणतात. त्यात वजन बरोबर असतं आणि चित्र शाबूत असतं. हातोड्याने ठोकून पसरवलेल्या नाण्याचंही वजन बरोबरच असतं, पण चित्र चेपलेलं असतं. रेल्वेच्या रुळावर ठेवलेल्या नाण्यात अक्षरं एकाच दिशेने लांबतात. जुनी ॲल्युमिनियमची पाच-दहा पैशांची नाणी अशी भरपूर सापडतात.

फसवणारा एक प्रकार उलटा आहे. मापापेक्षा लहान, किनार आत वळलेली आणि जाड. महिनोन्‌महिने कपडे वाळवायच्या यंत्राच्या ड्रममध्ये गटांगळ्या खात राहिलेलं नाणं असं होतं. टाकसाळीत किनार आत वळत नाही.

६. एका बाजूला अशोकस्तंभ उठावाचा आणि दुसऱ्या बाजूला तोच आरशातल्यासारखा उलटा आणि खोलगट. हीच ती "लखी" का?

असू शकेल, आणि खरी असेल तर अभिनंदन. आधीचं छापलेलं नाणं डायला चिकटून राहतं, पुढची ब्लँक आली की त्या बाजूला डायऐवजी हे चिकटलेलं नाणंच ठसा उमटवतं. नवी छाप म्हणून आरशासारखी उलटी आणि आत गेलेली. आपल्या बाजारात हिला लखी म्हणतात.

खरी लखी ओळखायचं मर्म हे की, खोलगट बाजूवर मूळ चित्राचा मागमूसही नसतो. डाय झाकलेली असते, मग "१ रुपया" उमटणार कुठून? याउलट दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळली, की खालच्या नाण्यावर वरच्याची उलटी अक्षरं दबतात, पण मूळचा आकडा, कणीस, किनार हे सगळं चेपलेल्या अवस्थेत तिथेच राहतं. नाणं तिरपं धरून पाहा: उलट्या "INDIA"च्या खालून सपाट झालेला आकडा डोकावत असेल तर ते शिकंज्याचं काम. शिवाय मागची बाजूही चपटी झालेली असते, कारण दाब दोन्हीकडून पडतो.

एक-दोन अक्षरंच उलटी आणि फिकी दिसत असतील, तर दोन डाय ब्लँकशिवाय एकमेकांवर आदळल्या असतील. डाय क्लॅश हे खरं पण किरकोळ एरर आहे.

७. दोन्ही बाजूंना छापाच आहे. कोट्यवधीत एक म्हणतात ते हेच ना?

जादूगाराचं नाणं असण्याची शक्यता जवळपास पूर्ण आहे. एक नाणं आतून पोखरतात, दुसरं घासून पातळ करून त्यात बसवतात. जोड बहुधा किनारीच्या आतल्या कडेला लपवलेला असतो. तिथे भिंग लावा. नंतर नाणं फरशीवर टाकून आवाज ऐका, जोडलेलं नाणं बद्द वाजतं. वजनही सहसा जुळत नाही.

८. १० रुपयांच्या नाण्याचा मधला भाग सरकलाय / निघालाय / उलटा बसलाय.

सर्वाधिक बनावटगिरी इथेच चालते, म्हणून जरा सविस्तर.

या नाण्यात बाहेरचं पिवळं कडं आणि मधली पांढरी चकती आधी सुट्या असतात. चकती कड्यात बसवून दोन्ही एकाच ठोक्यात छापतात आणि त्या दाबाने त्या एकमेकांत घट्ट अडकतात. एका बाजूचं कडं आणि त्याच बाजूची चकती एकच डाय एकाच क्षणी छापते. म्हणून कड्यावरचं चित्र सरळ आणि मधलं तिरकं, किंवा कडं काट्याचं आणि मधे छापा, हे टाकसाळीत होऊच शकत नाही. कोणीतरी चकती ठोकून बाहेर काढून फिरवून बसवली आहे. सांध्यावर फट, खरचटलेली कड किंवा गोंदाचा थर सापडतोच.

होऊ शकतं ते असं: चकतीचं भोकच कड्यात मधोमध पडलं नाही, किंवा चकती अर्धवट बसली असताना ठोका पडला. मग चित्र सांध्यावरून तसंच पुढे जातं, अक्षराचा अर्धा भाग पिवळ्यावर आणि अर्धा पांढऱ्यावर, मधे खंड न पडता.

नुसतं कडं मिळालं तर भोकाची आतली कड बघा. चकती नसताना ठोका पडला असेल तर धातू भोकाच्या आत वाहिलेला असतो, भोक पुरतं गोल राहत नाही, जवळचं चित्र आतल्या बाजूला घसरलेलं दिसतं. चकती नंतर निखळली असेल तर कड सरळ उभी, आणि चित्र भोकापर्यंत नीटनेटकं.

९. ५ रुपये पांढरे आहेत, १ रुपया सोनेरी-जांभळा आहे. चुकीच्या धातूवर छापलं गेलं का?

आधी साल बघा. ५ रुपये १९९२ पासून क्युप्रोनिकेलमध्ये, मग काही वर्षं स्टीलमध्ये आणि २००९ पासून पिवळ्या निकेल-ब्रासमध्ये आले. २००७ चे पांढरे ५ रुपये लोहचुंबकाला चिकटले तर ते जसं असायला हवं तसंच आहे.

स्टीलचं नाणं चुलीत, होमात किंवा जळालेल्या दुकानात सापडलं की त्यावर सोनेरी, निळी, जांभळी झाक येते. रंग दिसतो देखणा, पण तो उष्णतेने चढलेला ऑक्साइडचा पातळ थर आहे. पिवळ्या नाण्यावर पारा चोळला की ते चांदीसारखं होतं. तसल्या नाण्याला हात लावू नका, पारा विषारी आहे. मुलामा दिलेल्या नाण्यात किनारीच्या उंचवट्यावर खालचा धातू लवकर उघडा पडतो.

चुकीच्या ब्लँकवर छापलेली नाणी खरंच असतात, पण ती रंगावर नाही, वजनावर आणि मापावर ठरतात. वजन दुसऱ्या एखाद्या चालू नाण्याच्या ब्लँकशी जुळलं पाहिजे. आणि लोहचुंबकावर आंधळा विश्वास नको: १९५० चा रुपया किंवा सुरुवातीचे २५ आणि ५० नये पैसे चुंबकाला चिकटतात म्हणून अनेकजण हरखतात. ती शुद्ध निकेलची नाणी आहेत आणि निकेल चुंबकाला चिकटतं. क्युप्रोनिकेल मात्र चिकटत नाही.

१०. अक्षरं दुहेरी दिसतात. डबल डाय?

बहुतेक वेळा नाही. ठोका पडून डाय उचलताना ती किंचित हलली, की अक्षराची एक बाजू घासून पायरीसारखी सपाट होते. मूळ अक्षर त्यामुळे बारीक होतं. हे यांत्रिक दुहेरीपण झालं, त्याला किंमत नाही. डायवरच अक्षर दोनदा कोरलं गेलं असेल तर दोन्ही प्रती गोलसर, उंचीला सारख्या असतात, टोकांना फाटा फुटलेला दिसतो आणि अक्षर जाडावतं. दोनदा ठोका पडलेलं नाणं याहून वेगळं. त्यात पहिली छाप दुसरीखाली चिरडलेली असते.

११. छापा सरळ धरला तर काटा आडवा किंवा उलटा येतो. हे कोणी करू शकतं का?

सहसा नाही, आणि म्हणूनच नवशिक्याने शोधायला हे सर्वांत चांगलं एरर. छापा सरळ धरून नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडून उजवीकडे फिरवा. भारतीय नाण्याचा काटा सरळ आला पाहिजे. डाय फिरून बसली की तो तिरका येतो. पाच-दहा अंशांकडे कोणी पाहत नाही, ४५ च्या पुढे मजा आहे, १८० असेल तर उत्तमच. मार लागून, तापून, गंजून हे होत नाही. फक्त नाणं जोडलेलं नाही एवढी खात्री करा (प्रश्न ७).

१२. रेघ आहे. ती भेग की ओरखडा?

उठावाची की खोल? डायला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ येते. डायचा तुकडाच उडाला तर किनारीजवळ आकारहीन फुगवटा येतो. नंतर लागलेला ओरखडा खोल असतो आणि त्याच्या दोन्ही काठांना सरकलेल्या धातूचा बांध असतो.

अपवाद दोन. दोरा, तार किंवा चिंधी ठोक्याच्या वेळी मधे आली तर खोल खूण पडते, पण तिचा तळ गुळगुळीत असतो आणि काठांना बांध नसतो. दुसरं म्हणजे किनारीलगतची एकसारखी कमानदार घासणी. अनेकजण तिला एरर समजतात. ती नाणी मोजायच्या यंत्राची करामत असते.

१३. नदीत / समुद्रकिनारी / शेतात सापडलं. पातळ आहे आणि खडबडीत आहे. पातळ ब्लँकचं एरर?

पातळ ब्लँकचं एरर असतं, पण त्याचा व्यास पूर्ण असतो, कारण कॉलर तीच. धातू कमी म्हणून चित्र मधे मधे कच्चं उमटतं, पृष्ठभाग मात्र नेहमीसारखा. आम्लाने किंवा मातीतल्या क्षारांनी खाल्लेल्या नाण्याचा व्यासही घटतो, अक्षरं आहे तशीच पण सुकलेली वाटतात आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूत घुसळलेली नाणी कडेने गोलावतात आणि चित्र समान झिजतं. पंढरपूरला चंद्रभागेत किंवा नाशिकला गोदावरीत पडून राहिलेल्या क्युप्रोनिकेलवर तपकिरी-काळा थर चढतो. तांबं हिरवं पडतं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते. दानपेटीतल्या नाण्यांवर हळद-कुंकवाचे डाग असतात, लाल छटा पाहून "तांब्याचं आहे का" असं विचारणारे निघतातच.

१४. नाण्यावर ₹ चिन्ह नाही, सालाखाली अक्षर आहे, डिझाइन वेगळं आहे. हे तर टाकसाळीतलंच ना?

टाकसाळीतलं आहे, पण चूक नाही. ₹ चिन्ह २०१० मध्ये स्वीकारलं गेलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं, त्याआधीच्या १० रुपयांवर ते असणार कसं? १० रुपयांच्या १४ वेगवेगळ्या डिझाइन्स चलनात वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं.

सालाखालची खूण टाकसाळीची. मुंबईचा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. "खूण नसलेलं दुर्मीळ नाणं" म्हणून जे विकतात ते कोलकात्याचं साधं नाणं असतं. १९८५ च्या काही रुपयांवर "एच" दिसतो, ती नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीने पाडली.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यातला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला आणि १९१२ पासून तो सुधारला गेला. नाणं प्रसिद्ध आहे, पण तेही एरर नव्हे. डाय जशी कोरली तशीच छापली.

१५. मधे भोक आहे.

१९४३ ते १९४७ चा एक पैसा मुळातच भोकाचा आहे, युद्धकाळात तांबं वाचवायला तसा काढला. त्यात एरर म्हणजे भोक नसणं किंवा ते एका बाजूला पडणं. बाकी नाण्यांत भोक म्हणजे बहुधा करगोट्यात किंवा माळेत ओवण्यासाठी पाडलेलं. पाडलेल्या भोकाची एक बाजू आत दबलेली, दुसरी बाहेर फुटलेली असते. चांदीच्या रुपयाच्या कडेवर वरच्या बाजूला डाग किंवा गोळा दिसला, तर ते काढलेल्या कडीचं डाखण.

१६. साफ करून फोटो पाठवू का?

नको. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही नको. खऱ्या एररचे पुरावे पृष्ठभागावर असतात आणि तेच आधी घासले जातात. फार तर साध्या पाण्यात भिजवून, न चोळता मऊ कापडावर टिपा.

१७. जाहिरातीत अशाच नाण्याचे लाखो रुपये म्हणतात. विकायचं कुठे?

वैष्णोदेवीच्या २०१२ च्या ५ आणि १० रुपयांच्या नाण्यांना लाखो मिळतात, असे व्हिडिओ अजून फिरतात. ती साधी स्मारक नाणी आहेत. जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून शुल्क, कमिशन मागणाऱ्यांविरुद्ध बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. जो खरेदीदार आधी पैसे मागतो तो खरेदीदार नाही.

मोठं एरर हाती लागलंच, तर एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या नाणी तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यावं, पण त्याचा खर्च नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त तर होत नाही ना, हे आधी बघा. ग्रीसच्या एररसाठी तो कधीच परवडत नाही. आणि कोणी सांगितलं म्हणून स्वतः एरर बनवू नका. नाणी वितळवणं, नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

१८. शिवराईवर "छत्रपति" अर्धंच आहे आणि चित्र सरकलंय. ऑफ-सेंटर म्हणून जास्त किंमत मिळेल?

नाही, हिशेब इथे उलटा चालतो. शिवराई हाताने ठोकलेली. ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे लेखाचा जेवढा भाग तुकड्यावर आला तेवढाच उमटला. दोनदा ठोका पडलेलीही सर्रास मिळते. यंत्रावर पाडलेल्या नाण्यात जे एरर, ते इथे रोजचं. म्हणून शिवराईत किंमत पूर्ण लेखाला असते: एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" सगळं वाचता येतं का, हे आधी बघितलं जातं. पुण्याच्या जुन्या बाजारात "एरर शिवराई" म्हणून कोणी जास्त सांगत असेल, तर दुसरा ढीग चाळा. आणि पूर्ण लेखाची शिवराई अगदी गोल, कडेने नीट आणि सहज स्वस्तात मिळत असेल, तर ती आजकालची ओतीव नक्कल असण्याचीच शंका आधी घ्या: भिंगातून पृष्ठभागावर बुडबुड्यांची बारीक छिद्रं आणि कडेवर साच्याचा सांधा शोधा.